स्कॅगवेच्या घाटातले घोडे

अलास्काच्या क्रूझवर बाबांना नेलं, ती ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा वऱ्हाडात जनावरांचे सरकारी डॉक्टर. रिटायर झाले आणि न्यू जर्सीला माझ्याकडे राहायला आले. बोट एक दिवस स्कॅगवेला थांबणार होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोन्याच्या हव्यासापायी लोकांची झुंबड उडाली, त्यातून उभं राहिलेलं हे गाव. लाकडी फुटपाथ, नव्यानं रंगवलेली जुनी दुकानं, काचेच्या इवल्याशा बाटल्यांत सोन्याचा चुरा. ते सगळं तासाभरात बघून आम्ही घाटात जाणारी बस घेतली.

वर एका दरीपाशी बस थांबली. गाइडनं माइक तोंडाशी धरला. सोनं शोधायला निघालेल्यांचे हजारो घोडे या वाटेवर मेले, म्हणाला. आणि मग डोळा मारून, "काही घोड्यांनी तर मालकांना वैतागून कड्यावरून जीव दिला!"

अख्खी बस खदखदून हसली.

बाबा उठून उभे राहिले. "घोडा जीव देत नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "पाठ सोलून निघाली तरी ओझं लादलं. चारा दिला नाही. पाय मोडला की तिथंच टाकून पुढं गेले. तो पडला. माणसांनी मारला त्याला. यात हसण्यासारखं काय आहे?"

बाबांचं इंग्रजी जरा सरकारी, पण स्वच्छ. न कळण्यासारखा एक शब्द नव्हता. गाइडनं मात्र भुवया उंचावून मला विचारलं, "काय म्हणतायत हे?"

माझं डोकं सणकलं. पण सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. मी म्हणालो, "काही नाही. एन्जॉय करतायत."

बाबा खाली बसले. बस परत फिरली.

धक्क्यावर उतरल्यावर बाबा पुढं गेले आणि मी त्या गाइडला गाठलं. "माझे वडील व्हेट आहेत. त्यांचं बोलणं तुला नीट कळलं होतं. हा जोक बंद कर."

"रिलॅक्स," तो म्हणाला. "लोकांना आवडते ही स्टोरी." आणि पुढच्या बसकडे वळला. मी मागून ओरडलो, पण त्यानं मान वळवली नाही.

बाबा केबिनमध्ये बूट काढत बसले होते. "त्याला चांगलं झापलं मी," मी सांगितलं.

"कुठं?"

"खाली, धक्क्यावर."

"बसमध्ये बोलायचं होतंस," बाबा म्हणाले आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागले.