काकांचे तीन प्रश्न

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, आणि माझं मराठी घरात बोलण्यापुरतं. तरी एका माणसाबद्दल लिहायला बसलोय, याची आधी माफी मागतो.

आमच्या शहरातल्या प्रेमनगरमध्ये हे काका एकटे राहायचे. कारखान्यात असताना अपघातांचे अहवाल तेच लिहीत. मी निबंध दाखवायला नेला की ते कानामागची पेन्सिल काढत आणि विचारत, "कधी? कुठे? जवळ कोण होतं?"

एकदा मी म्हणालो, "काका, हा अपघात नाहीये. बाबांवर निबंध आहे."

"अरे भैया, माझे अहवाल अपघातात गेलेल्या माणसाच्या घरचे वाचायचे. त्यांना सजावट नको असते."

'बाबांनी अपार कष्ट केले' हे वाक्य त्यांनी तीनदा खोडलं. चौथ्यांदा मी लिहिलं की, लष्करी छावणीतली ड्यूटी संपवून बाबा घरी आले की आधी दारात सायकल पुसतात आणि मगच माझ्याशी बोलतात. काकांनी ते दोनदा वाचलं आणि पेन्सिल परत कानामागे ठेवली.

"पुढचं घेऊन ये," एवढंच म्हणाले.

पुढचं मला जमेना. रिकाम्या हाताने जायची लाज वाटली, म्हणून दोन महिने गेलोच नाही.

काल त्यांच्या शेजारच्या भाभीजी बाजारात भेटल्या. "काकाजी नहीं रहे, बेटा."

मी त्यांना तेच तीन प्रश्न विचारले.

सोमवारी सकाळी. स्वयंपाकघरात, चहा ठेवताना. जवळ कोणी नव्हतं.