हेडसरांचं हिरवं झाड

"झाड वाळलं की पोरगी वर्गाबाहेर," हेडसर म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखाच हाय, ताई."

मी उभी होते. 'बसा' म्हणायची त्यांना गरज वाटली नव्हती. बाहेर व्हरांड्यात नववीतली कमल मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती. आठवडा होत आला होता.

लातूर जिल्हा उस्मानाबादपासून नुकताच वेगळा झाला होता, आणि दुष्काळ होता. नव्या जिल्ह्याचे नवे साहेब शाळा बघायला येणार, म्हणून अहमदपूरजवळच्या या शाळेत 'झाड दत्तक' योजना निघाली. प्रत्येक पोराला एक रोप, हेडसरांनाही एक. पाणी घरून आणायचं. गावात टँकर येत होता. कमलच्या तांड्यावर तोही नव्हता. माणसांना प्यायला पाणी नाही आणि साहेबांच्या डोळ्यांना हिरवं पाहिजे!

तिचे आईबाप ऊसतोडीला निघणार होते. मुकादमाचा ट्रक दोन-चार दिवसांत यायचा होता. बाप म्हणाला, "व्हरांड्यातच बसायचं तर आमच्यासंगं येऊन मोळ्या बांधील." पोरगी ट्रकमध्ये चढली की शाळा संपली.

मी आमच्या संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती. पत्रकं मी लिहायची. पत्रक म्हणजे एका कागदात मावेल एवढा राग. वर मागणी, मधे अन्याय, खाली संघटनेचं नाव. शकुंतला माझ्यानंतर आली. तिला धड एक पत्रक जमत नव्हतं. तरी बायका ऑफिसच्या दारात येऊन विचारायच्या, "शकूताई हाय का?" समोर मी बसलेली असायचे.

कमलची केस मी घेतली. तिला विचारलं, "तांड्यावरची म्हणून तुझ्यावर अन्याय होतोय का?" तिने मान हलवली. नाही म्हणाली. मी तरी पत्रक लिहिलं, सायक्लोस्टाइल करून घेतलं आणि निवेदन घेऊन लातूर गाठलं.

जिल्हा ऑफिसातला क्लार्क म्हणाला, "बाई, उस्मानाबादहून आमची टेबलंच यायचीत अजून. ठेवू कुठं हे?" पोच दिली नाही. पोच म्हणजे कागद मिळाल्याचा शिक्का. तो नसला तर आपण गेलोच नव्हतो.

परत येऊन तांड्यावर गेले, तर शकुंतला आधीच तिथं कमलसोबत शेंगा खात बसली होती.

"काय विचारलंस तिला?"

"काही न्हाई. सकाळी उठल्यापासून काय काय केलंस, तेवढंच."

तेवढ्यावर पोरगी भडाभडा बोलली होती. पहाटे ओढ्यातल्या झऱ्यावरून ती कळशी भरून आणायची. फाटकातूनच शिपाई कळशी हेडसरांच्या झाडाकडे न्यायला लावायचा. कळशी तिथंच रिकामी व्हायची. तिचं रोप कोरडं.

"मला कामून सांगितलं नाहीस?" मी कमलवर डाफरले.

"तुम्ही अन्याय इचारला," ती म्हणाली. "ह्यो तर मान हाय. सरांच्या झाडाला पाणी घालायला मलाच मिळतंय म्हणून बाकीच्या पोरी जळत्यात माझ्यावर."

पोरी जळत होत्या. इथे मीही जळत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शाळेत गेलो. माझ्या काखेत पत्रकांचा गठ्ठा. मी तोंड उघडायच्या आत शकुंतला म्हणाली, "सर, तुमचं झाड लई झ्याक आलंय. रोज पाणी कोण घालतं?"

"कोण म्हंजे? मीच की."

व्हरांड्यातून कमल घाईने उठली. "सर, चुकलं. आज ताई आल्यात म्हणून ऱ्हायलं. आत्ता घालू का?"

शेजारच्या टेबलावरचे गणिताचे सर खोकल्यासारखं करून वहीत तोंड घालून बसले. हेडसरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"जा, वर्गात जाऊन बस," ते म्हणाले.

"आन् झाड, सर?"

"शिपाई बघंल झाडाचं. तू जा."

ट्रक आला आणि कमलला न घेता गेला. ती मावशीकडे राहिली, शाळेत जात राहिली. माझं पत्रक एकालाही वाटावं लागलं नाही. चांगलं पत्रक होतं ते.

तेव्हापासून मी कुणाला 'तुझ्यावर अन्याय झाला का' असं विचारत नाही. सकाळपासून काय काय केलंस, ते विचारते. हे मला शकुंतलाने शिकवलं असंही नाही. आपण असं काही करतो हे तिच्या गावीही नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.