चोरलेलं पाऊल

गेल्या वसंतात ऑफिसात लेऑफची कुजबुज सुरू झाली. अमेरिकेतला माझा व्हिसा नोकरीवर, नवऱ्याचा माझ्यावर. नोकरी गेली, की दोन महिन्यांत नवी शोधायची, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळायचा. नवरा म्हणाला, "आधी ईमेल तर येऊ दे." मला राहवलं नाही. जेवताना तेरा वर्षांच्या लेकीला सांगून टाकलं, "आपल्याला बहुतेक नागपूरला परत जावं लागेल." बोलता बोलता रडूही आलं. तिने घास खाली ठेवला. "ओके," एवढंच म्हणाली.

शनिवारी फ्रीमाँटच्या पूलवर तिच्या पोहण्याच्या शर्यती होत्या. माझ्या शेजारी तिच्या मैत्रिणीची आई बसली होती, मूळची हाँगकाँगची. मुली ओणव्या झाल्या आणि बीप वाजायच्या आत माझ्या लेकीने उडी मारली. एकटीनेच. ती बाद झाली.

"थाउ पोउ," शेजारीण पुटपुटली. मी वळून बघितलं तशी ओशाळली. "आमच्या कँटोनीजमध्ये म्हणतात. पाऊल चोरणं. वेळेआधी कुणी काहीही केलं तरी." मग हळूच म्हणाली, "तुम्ही चाललात म्हणून तिने रिलेतली जागा माझ्या मुलीला दिली. कोचलाही सांगितलंय. कधी निघताय?"

"अजून काहीच ठरलं नाही," मी कसंबसं म्हटलं.

गाडीत मी लेकीला विचारलं, "इतक्यात कशाला सांगितलंस?"

"यू सेड वी आर लीव्हिंग."

"बहुतेक म्हटलं होतं गं."

"आई, यू वर क्रायिंग."

पुढचे चार दिवस फोन नुसता वाजला तरी मी हातातलं काम टाकून ईमेल बघायचे. बुधवारी ईमेल आला. आमच्या टीममधले चौघे गेले, मी राहिले. संध्याकाळी लेकीला सांगितलं तर तिने विचारलं, "फॉर शुअर? की बहुतेक?"

मी कोचला फोन लावायला निघाले. "डोन्ट. मीच विचारते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी विचारून आली. रिलेची टीम ठरून गेली होती, आता पुढच्या सीझनला.

रिलेच्या दिवशी ती काठावर उभी राहून मैत्रिणीच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडत होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.