भाऊकाकांचा कॉम्प्युटर

भाऊकाका दूधवाल्याचं माप आधी उलटं करून बघायचे. तळाला पोचा नाही अशी खात्री पटली की मगच पातेलं पुढे करायचे. आमच्या माकुणसार गावात त्यांना सगळे 'तपासनीस' म्हणत. आम्ही त्यांचे शेजारी, पण आमच्या घरचं शहाळंसुद्धा ते कानाशी हलवल्याशिवाय घेत नसत. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा दूधवालाच सगळ्यांत जास्त रडला.

त्यांच्याकडे एक जुना डेस्कटॉप होता, मुलगी नीता कॉलेजात असताना घेतलेला. पुढे नीताने नोकरीच्या कारखान्यातल्या ओळखीतून परजातीच्या मुलाशी लग्न केलं आणि ती कुंभवलीला राहायला गेली. काका लग्नाला गेले नाहीत. तिचं नाव घरात काढायचं नाही, असं त्यांनी काकींना बजावलं. कॉम्प्युटर मात्र राहिला. तो सुरू होईपर्यंत काकांचा चहा पिऊन व्हायचा. "नवा घ्या की," मी एकदा म्हटलं.

"का? जुना तुला पायजे काय?"

शेवटी तो अजिबातच सुरू होईना, तेव्हा आम्ही तो बोईसरला दुरुस्तीच्या दुकानात नेला. निघण्याआधी काकांनी पेटी उघडून आतल्या प्रत्येक भागावर काकींच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. ते बघून दुकानदार हसला. "चाचा, आपका पुराना माल लेके मैं क्या करूँगा?"

"वही तो मैं पूछ रहा हूँ," काका म्हणाले आणि स्टूल ओढून त्याच्या समोरच बसले.

त्याने रॅम वाढवली, एसएसडी म्हणजे नवी वेगवान डिस्क बसवली, नवी सिस्टीम टाकली. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवून जुनी डिस्क काकांच्या हातात दिली. घरी येऊन बटण दाबलं, तर कॉम्प्युटर लगेच सुरू झाला. काकांचा चेहरा पडला. "एवढ्यात? आतला माल आपला नाय."

खात्री करायला त्यांनी मला फोटो उघडायला लावले. नव्या सिस्टीमने कानाकोपऱ्यातले सगळे फोटो एकत्र आणून मांडले होते. वाडी, नारळ, पानवेली, आणि मग एकदम नवरीच्या वेशातली नीता.

"हे कोणी घातले यात? त्या दुकानवाल्यानं?" काका ओरडले.

मी पुढचा फोटो उघडला. त्यात नीताच्या शेजारी हिरवी साडी नेसून काकी उभ्या होत्या.

काकी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "मीच ठेवले होते. तुमी वाडीत गेलात का बघायची."

"त्या दिवशी तू सफाळ्याला बहिणीकडे गेलतीस."

"नव्हते गेले."

"मीच तुला रिक्षात बसवलं!"

"हो. रिक्षाचा नंबरपण बघून घेतला होता तुमी."

त्यानंतर काही दिवस काका एकटेच त्या कॉम्प्युटरसमोर बसलेले दिसायचे. एका संध्याकाळी त्यांनी मला कुंपणापाशी बोलावलं. "फोटोतला नवरा पोरगा कसा हाय?"

"चांगला आहे, काका."

"तुला कोणी सांगितलं?"

पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी काकींना नीताला फोन लावायला सांगितलं. रविवारी नीता आणि तिचा नवरा मोटारसायकलवरून आले. काका फाटकात उभेच होते. जावई वाकला, तसं त्यांनी त्याला खांद्याला धरून उभं केलं आणि आपादमस्तक न्याहाळलं.

"तुझ्या डोक्यावर हेल्मेट हाय," ते म्हणाले. "माझ्या पोरीचं कुठाय?"

जावयाने हेल्मेट काढून हातात घेतलं. नीता मात्र फाटकातच रडायला लागली.