मांजरीनं तपासलेलं औषध

लातूर जिल्हा नवा होता, दवाखाना नवा होता. जुना होता तो वॉर्डबॉय साहेबराव. नाकासमोर चालणारा माणूस, पण ते नाक सगळ्यांच्या कामात खुपसणारा.

टँकरशिवाय पाणी दिसत नव्हतं, त्या दुष्काळात दवाखान्यात समुद्रातल्या माशाचं औषध आलं. माशाच्या हाडांच्या भुकटीनं कॅन्सर हटतो का, हे डॉक्टरांना तपासायचं होतं. नेहमीचे उपचार चालू ठेवून निम्म्या पेशंटांना भुकटीच्या कॅप्सूल, निम्म्यांना नुसत्या पिठाच्या. कुणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. बाटल्यांवर फक्त नंबर.

नऊ नंबर साहेबरावाच्या थोरल्या बहिणीचा, सरजाबाईचा. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. आक्काच्या पोटात औषध जातंय की पीठ, या काळजीनं त्याला घास गोड लागेना. शेवटी त्यानं तिची आणि शेजारच्या खाटेवरच्या सिद्धम्माची एकेक कॅप्सूल ढापली, घरी बशीत फोडली आणि मांजर सोडली. मांजरीनं सिद्धम्माची चाटूनपुसून खाल्ली. आक्काच्या पिठाकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यानं दोन्ही बाटल्यांतल्या मालाची अदलाबदल केली. सिद्धम्मा लिंगायत, जन्मात मासळी न शिवलेली. म्हणजे आक्काचा जीव वाचला आणि सिद्धम्माचा धर्मही! चोराला सबबी लवकर सुचतात.

आठवड्यानं पाहतो तर आक्का आपल्या बाटलीतली कॅप्सूल सिद्धम्माच्या हातावर ठेवतेय.

"आक्का, ती तुझी हाय!"

"मग? ती बी देतीच की मला."

"पहिल्या दिसापासून," सिद्धम्मा म्हणाली. "माझ्या बाटलीला मासळीचा वास यायचा. म्हणलं, औषध माझ्यातच हाय. सकाळची मी घ्यायचे, संध्याकाळची तुझ्या आक्काला. आता वास हिच्या बाटलीला यायला लागला, तर ही मला देती."

"पण मावशी, मासळी चालती तुमाला?"

"औषधाला कसला बाट रे?"

साहेबरावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं डॉक्टरांसमोर सगळं कबूल केलं. डॉक्टरांनी त्याला सोलून काढलं आणि दोघींचे नंबर तपासणीतून उडवले. पुढं ती भुकटी पिठाइतकीच कुचकामी ठरली, पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक होतं? सिद्धम्माला सांगायचं तेवढं राहिलं होतं. तिच्या खाटेशी उभं राहून, खाली मान घालून त्यानं सांगितलं.

सिद्धम्मानं पाय आखडून खाटेवर त्याला बसायला जागा केली.

"मला भाऊ न्हाई," ती म्हणाली. "असता तर त्यानं बी हेच केलं असतं."