किप्रोनोला हुरड्याला नेलं तेव्हा

सोलापूरला जायचं ठरलं ते किप्रोनोसाठी. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पुण्याच्या हॉस्टेलातला हा माझा केनियाचा रूममेट पहिल्या सत्रातच पार मिटून गेला होता. "शिक्षण सोडून घरी जाऊ का?" रोज हेच. मला तो जायला नको होता. म्हटलं, मामाकडे चार घास घरचे खाईल, माणसांत बसेल, रुळेल.

जानेवारी होता. तुम्हीही जाल तर तेव्हाच जा, हुरडा कोवळा मिळतो. पॅसेंजरमध्ये समोरच्या बाईंनी कुर्डुवाडीपर्यंत त्याची उलटतपासणी घेतली. "लगीन झालंय का? भावंडं किती?" मी लाजत इंग्रजीत विचारत होतो, आणि हा गडी भावंडांची नावंसुद्धा सांगत सुटला! हॉस्टेलात माझ्याशिवाय कुणाशी 'हो-नाही'च्या पुढे जात नसे. मला काही कळेना.

मामाचं शेत अक्कलकोट रोडला. स्टेशनवरून टांगा केला, उरलेलं पायी. आगटीत भाजलेली कणसं मामा तळहातावर चोळून देत होता, सोबत शेंगाचटणी. "खा की पावणं, लाजताय कशाला?" किप्रोनो मजेत खात होता.

तेवढ्यात मेंढरं घेऊन एक म्हातारा धनगर बांधावर थांबला.

"कुटलं पावणं?"

"आफ्रिकेचे," मी म्हटलं.

"लई लांबनं आलं की! तितं पाऊस झाला का? शेरडं हायत का घरी?"

मी इंग्रजीत सांगितलं, तसा किप्रोनो उठून उभाच राहिला. त्याच्या गावाकडे म्हणे भेट अशीच सुरू होते: आधी पाऊस, मग जनावरं, मग माणसं. शेळ्या आहेत, वडील वारल्यापासून आई बघते, भावंडं कामासाठी लांब गेलीत, असं त्याने सांगितलं. वडील वारलेत हे मलाही तेव्हाच कळलं.

"एकलीच व्हय?" म्हाताऱ्याने विचारलं. मी ते इंग्रजीत सांगितलं, तसा किप्रोनो म्हणाला, "हो, एकटीच." म्हातारा त्याच्या पाठीवर हात ठेवून निघून गेला.

परतीच्या गाडीत किप्रोनो शीळ घालत होता. मला वाटलं, जमलं. खोलीवर येताच त्याने ट्रंक ओढली.

मी चक्रावलो. "अरे, तुला तिथे आवडलं ना?"

"फार आवडलं. पण आई एकटी आहे हे मी आजवर तोंडाने म्हटलं नव्हतं. आता इथे बसवत नाही."

आठवड्याभरात तो गेला. त्याला तिथे नेलं ते बरं केलं की वाईट, हे मला अजून उमगलेलं नाही. पुण्यात कुणी काही विचारत नव्हतं, तोवर तो टिकून होता.