चपलांची घोडी

यामिनी खानोलकरला वर्गात पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, या बाईंना कुणीतरी शिक्षाच दिली आहे. चौथीची मुलं जमिनीवर पुठ्ठे, सुतळ्या आणि बांबूच्या कामट्या पसरून बसलेली, आणि ही दोन्ही हात पाठीमागे धरून त्यांच्यामधून फिरते आहे. कुणाची गाठ सुटो, कुणाचा पुठ्ठा वाकडा कापला जावो, हिचा हात काही पुढे येत नाही. "मी हात लावला की वस्तू माझी झाली," असं ती म्हणते. त्यावर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

नाशिकला तिच्या वडिलांचा सुतारखाना होता. पुढे ठाण्यात नऊ वर्षं तिने लोकांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांची ड्रॉइंगं काढली. नवरा सुश्रुत सरकारी कंपनीत अधिकारी. त्याची बदली कोलकात्याला झाली आणि दोघं सॉल्ट लेकमध्ये राहायला आली. जवळच्या एका शाळेने वेळापत्रकात डिझाइन आणि तंत्रज्ञान असा नवा विषय घातला होता, पण तो शिकवायला माणूस मिळत नव्हता. यामिनी जाऊन भेटली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली.

"तुझं बंगाली ऐकून मुलं हसत नाहीत?" सुश्रुतने विचारलं होतं.

"हसतात की. मग माझं वाक्य दुरुस्त करून देतात. खूश असतात बिचारी."

तासाची रीत तिने पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकली. आधी अडचण कुणाची आहे ते शोधायचं, त्या माणसाशी बोलायचं, मापं घ्यायची, कागदावर काढायचं, आणि मगच कात्री धरायची. मोडलं तर का मोडलं ते वहीत लिहायचं. घरून आईबाबांकडून सुबक करून आणलेली वस्तू चालणार नाही. एका मुलाच्या वडिलांनी थर्माकोलचा आख्खा हावडा पूल पाठवला, तेव्हा तिने तो कौतुकाने पाहिला आणि "वडिलांना दहापैकी नऊ" असा शेरा लिहून परत केला.

जानेवारीत मुख्याध्यापिकेने तिला बोलावलं. मुख्याध्यापिकेला इथे सगळे बोडदी म्हणतात, म्हणजे थोरली ताई. या बोडदी वयाने साठीच्या उंबरठ्यावर आणि बोलायला सरळ.

"यामिनी, पालक विचारतात, मुलं तासाला सुतळी का वळतात? त्यांना कॉम्प्युटरचा जास्त तास हवाय. पुढच्या वर्षी तुझा शुक्रवारचा तास त्यांना द्यावा म्हणते."

यामिनीने क्षणभर विचार केला. "बोडदी, सरस्वती पूजेला इथे चपलांचा फार गोंधळ होतो म्हणतात."

"गोंधळ? मागच्या वर्षी पहिलीतली एक मुलगी दोन्ही डाव्या पायाचे बूट घालून घरी गेली!"

"तो गोंधळ माझ्या चौथीने सोडवला, तर तास ठेवायचा."

"आणि नाही सोडवला तर?"

"तर सामानाचं कपाट मी स्वतः रिकामं करून देईन."

बोडदी हसल्या. "तू फार खात्रीने बोलतेस ग."

मुलांनी मोहीम अंगावर घेतली. पहिली ते पाचवीपर्यंत फिरून त्यांनी सगळ्यांच्या पावलांची मापं घेतली. पुठ्ठ्याचे कप्पे करून पाहिले. वजन पेलतं का बघायला विटा ठेवल्या, तर ते चेपून खाली बसले. शेवटी उपाय सापडला तो शाळेच्या पटांगणात. पूजेचा मांडव घालायला आलेला कारागीर बांबूला बांबू नुसत्या सुतळीने आवळत होता, खिळा एकही नाही. पौलोमी नावाची उंच, बडबडी मुलगी त्याच्यापुढे फतकल मारून बसली आणि ती गाठ शिकूनच उठली. त्यातून लांबलचक घोडी तयार झाली: दोन टोकांना तिवया आणि मध्ये एकावर एक बांबूच्या जोड्या. जोडीतल्या दोन बांबूंवर चप्पल आडवी बसायची, आणि प्रत्येक वर्गाच्या आणि शिक्षकांच्या जोडीला वेगळ्या रंगाचा कापडी पट्टा.

पूजेच्या आदल्या संध्याकाळी मूर्ती आली. मुलं देवीच्या पायाशी पुस्तकं आणि पेनं ठेवू लागली. यामिनीला नाशिकचा दसरा आठवला. वडील हत्यारांना हळदकुंकू लावत आणि आरती होताच रंध्याचा एक हात मारून कामाचा मुहूर्त करत. "आपली पण हत्यारं ठेवा रे," ती म्हणाली. मुलांनी आनंदाने कात्र्या, पट्ट्या, मोजायचा टेप आणि मापांची वही, सगळं देवीपुढे रचलं. हरकत घ्यायचं कुणाला कारणच नव्हतं, काम तर संपलं होतं.

सकाळी पिवळ्या साड्यांनी आणि कुर्त्यांनी पटांगण भरून गेलं. पहिली वीस मिनिटं घोडी झकास चालली. मग बालवाडीतली धाकटी भावंडं आली. पूजेला तीही येतात हे मुलांच्या वहीत कुठेच नव्हतं. इवलेसे बूट दोन बांबूंच्या फटीतून टपाटप खाली पडू लागले, आणि दारात ढीग वाढत चालला.

"ओ मिस!" पौलोमी धावत आली. "फट मोठी आहे! छोटे बूट राहतच नाहीत!"

"मग लहान करा. टेप आणा."

पौलोमी जागची हलली नाही. "टेप कसा आणू? तो सरस्वती माँच्या पायाशी आहे."

"आरती झाली की घेऊ."

"नाही मिस! आज नाही. उद्या सकाळची पूजा झाल्यावरच. एकदा ठेवलेलं आज कुणी उचलत नाही. आज लिहायचं-वाचायचं पण नसतं!" पौलोमीच्या डोळ्यांत आश्चर्य होतं. एवढंही माहीत नाही?

चूक निखालस तिची होती, आणि समोरून बोडदी येत होत्या.

"काय झालं?" त्यांनी ढिगाकडे पाहिलं. "यामिनी, तू बांध ना पटकन! तुला येतं की. पुष्पांजलीला दहा मिनिटं आहेत."

येत होतं. तिच्या बोटांना नुसती खाज सुटली होती. दोन मिनिटांचं काम, आणि घोडी वाचली असती. पण मग ती घोडी चौथीची राहिली नसती. पाठीमागे तिने एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरलं.

"मी नाही, बोडदी. हे करतील." मग मुलांकडे वळून म्हणाली, "हत्यारं ठेवायला मी सांगितलं, चूक माझी. आता टेप नाही, कात्री नाही, वही नाही. काय काय आहे?"

पौलोमीने बालवाडीतल्या एका पोराचा बूट उचलला आणि त्याच्या रुंदीवर बोटं टेकवली. "चार बोटं. फट दोन बोटं हवी. तीन नको."

"कुणाची बोटं?" मागून कुणीतरी ओरडलं. "तुझी जाड आहेत!"

"माझीच! सगळीकडे माझीच, म्हणजे सारखं होईल!"

पुढचं भराभर झालं. कात्री लागलीच नाही, कारण मांडववाल्याची गाठ ओढली की सुटते आणि तीच सुतळी परत आवळता येते. चौघांनी बांबू उचलून धरले, दोघांनी गाठी सोडल्या, पौलोमी दोन बोटं फटीत घालून "बस, बस, अजून थोडं!" ओरडत राहिली. एक गाठ सैल राहून घसरली. त्यांची त्यांनीच ती पुन्हा बांधली. यामिनी एकदाच बोलली: "ओढून बघा."

ओढून पाहिली. टिकली.

शंख वाजला तेव्हा बालवाडीचे बूट ओळीने बसले होते. बोडदी शेवटपर्यंत तिथेच उभ्या होत्या. त्यांनी आपल्या चपला काढल्या आणि पाचवीच्या ओळीत ठेवायला वाकल्या.

"बोडदी, तिथे नाही!" पौलोमी कडाडली. "शिक्षकांची ओळ सर्वांत वर. हिरवा पट्टा."

बोडदींनी निमूट चपला उचलून हिरव्या पट्ट्यापाशी ठेवल्या. मग यामिनीकडे वळून त्या म्हणाल्या, "पालकांना मी सांगेन काय सांगायचं ते. शुक्रवार तुझाच. आणि एप्रिलपासून तिसरीलाही घे. जमेल?"

"जमेल," यामिनी म्हणाली. तिसरीच्या मुलांना सुरुवातीला काय द्यावं हे मनाशी ठरवत ती अनवाणी पायांनी पुष्पांजलीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. फुलं हातात पडेपर्यंत तिचं ठरलंही होतं: आधी सुतळी आणि मांडववाल्याची गाठ.